गोठलेल्या जमिनीतला खांब

शास्त्रपाठ : लूक ६:४६-४९, स्तोत्र १४७:१५-१८



दोन घरांचा दाखला आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही पाठ असतो. तो मत्तयाने सांगितला आहे आणि लूकनेही सांगितला आहे; पण दोघांच्या सांगण्यात एक फरक आहे, आणि वाचताना तो सहसा आपल्या लक्षात येत नाही. मत्तय खडक आणि वाळू यांतला भेद दाखवतो. लूक त्या शहाण्या मनुष्याच्या श्रमांकडे आपले लक्ष वेधतो. त्याने खणले, खोल खणले, आणि खडक लागला तेव्हा पाया घातला. दुसऱ्याविषयी लूक वाळूचे नावही घेत नाही. त्याने पाया न घालता जमिनीवर घर बांधले, एवढेच तो लिहितो. ती जमीन वरून चांगली टणक दिसत असेल. पॅलेस्टाईनमध्ये उन्हाळाभर पाऊस पडत नाही, आणि तापलेली माती विटेसारखी होते. त्या मनुष्याने पाय आपटून पाहिला असेल, आणि एवढी घट्ट जमीन असताना खणायचे कशाला, असे त्याला वाटले असेल.

वरचा टणकपणा किती फसवा असतो हे उत्तरेकडील थंड देशांतील शेतकऱ्यांना दर वर्षी पाहावे लागते. त्यांचे उदाहरण आज घ्यावेसे वाटते. तो मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. १८१३ साली मुंबईत सुवार्तेसाठी आलेले गॉर्डन हॉल हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे, म्हणजे ज्याला न्यू इंग्लंड म्हणतात त्या भागातले. तेथे हिवाळ्यात जमीनच गोठते. पहार मारली तर खणकन आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. मॅसॅच्युसेट्समध्ये इमारतीचा पाया ४ फूट खाली न्यावा असा नियम आहे. आणखी पश्चिमेला, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात तो ५ फूट आहे. इतक्या खोलवर थंडी पोहोचते असे धरून तेथील माणसे चालतात.

अशा दिवसांत कुंपणाचा खांब मोडला तर काय करायचे? बर्फाच्या भाराने झाड पडते, एखादी गाडी घसरून कुंपणावर जाते, आणि गुरे तर वसंत ऋतूची वाट पाहत थांबत नाहीत. शेतकऱ्याला त्याच आठवड्यात खांब उभा करायचा असतो. कष्टाने हातभर खड्डा होतो. मग मोह असा होतो की एवढ्यावरच खांब उभा करावा आणि भोवती ओला चिखल भरून टाकावा. रात्रीतून तो चिखल गोठतो आणि सिमेंटसारखा खांबाला धरून बसतो. सकाळी जाऊन हलवून पाहा, तसूभरही हलत नाही. बैलाने अंग घासले तरी हलत नाही. जानेवारीत असा खांब आणि नीट खोल रोवलेला खांब शेजारी शेजारी उभे असले, तर कोणता कसा हे कोणालाही सांगता येणार नाही. एप्रिलमध्ये मात्र कोणालाही सांगता येते.

आपल्यापैकी माळव्यातील, किंवा विजापूर-सोलापूरकडील काळ्या रानातील वाचकांना याचे नवल वाटणार नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसून तिला भेगा पडतात, आणि वरवर रोवलेला डांब थोड्याच वर्षांत वाकडा होतो. म्हणून आपले जुने गवंडी काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत खणायला लावतात. आपल्याकडे हे पाऊस आणि ऊन करतात, तिकडे थंडी करते. पण थंडीची रीत थोडी निराळी आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे.

थंडी वरून खाली उतरत जाते. मातीतील पाणी गोठते आणि ती माती खांबाच्या अंगाला घट्ट पकडते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते हे आपण शाळेत शिकलो. पण जमीन त्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक वर येते. असे का होते, हे स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९२९ आणि १९३० साली प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखवून दिले. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून पाहिले. हा द्रव गोठताना फुगत नाही, उलट आकसतो. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे खरे कारण फुगणे हे नव्हे. गोठणारा थर खालच्या न गोठलेल्या मातीतून ओलावा सतत वर ओढून घेतो. त्या ओलाव्याचे बर्फाचे पापुद्रे बनतात, ते जाड होत जातात, वरची जमीन उचलली जाते आणि तिने पकडलेला खांबही तिच्याबरोबर उचलला जातो. वसंतात बर्फ वितळून माती खाली बसते, पण खांब खाली बसत नाही. त्याच्या बुडाशी झालेल्या पोकळीत तोवर चिखल आणि खडे शिरलेले असतात. पुढच्या हिवाळ्यात तो आणखी थोडा वर येतो. शेतातले दगडही असेच वर येतात. न्यू इंग्लंडचे शेतकरी पिढ्यानपिढ्या दर वसंतात ते वेचून बांधावर रचत आले, आणि तेथील प्रसिद्ध दगडी भिंती त्यातूनच उभ्या राहिल्या.

पाहा, त्या खांबाला कोणी उपटले नाही, वादळानेही पाडले नाही. ज्या मातीने त्याला घट्ट धरले असे वाटत होते, तिनेच त्याला त्याच्या जागेवरून उचलले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. आपल्या वर्गात एखादा मुलगा असतो. तो वेळेवर येतो, हाताची घडी घालून बसतो, वचने बिनचूक म्हणतो, कधी उलट प्रश्न करत नाही. पाठांतराचे पहिले बक्षीस त्यालाच मिळते. घरी धाक आहे, वर्गात धाक आहे, आणि त्या धाकाने तो अगदी ताठ उभा आहे. आपण पालकांना सांगतो, तुमचा मुलगा विश्वासात पक्का आहे. त्याचे दृढीकरण होते. मग नोकरीसाठी तो पुण्याला, हैदराबादला किंवा आखातात जातो, आणि दोन वर्षांत उपासनेला जाणे बंद होते. आपण म्हणतो, शहराच्या हवेने बिघडला. मला तसे वाटत नाही. त्या हवेने एवढेच केले की धाकाची थंडी उतरली. खांब हातभरच खोल होता हे तेव्हा दिसले. उलट, जो मुलगा वर्गात चुळबूळ करतो, माझी आजी एवढी प्रार्थना करत होती मग देवाने तिला बरे का केले नाही असे विचारतो, त्याच्याविषयी आपण काळजी करतो. त्याची जमीन मऊ आहे. तेथे खणता येते. त्याला गप्प बसवू नये.

मोठ्यांचेही असेच आहे. मला ठाऊक असलेल्या एका मंडळीत दोन सख्ख्या भावांचा वडिलोपार्जित घराच्या कुंपणावरून वाद होता. प्रश्न हातभर जागेचा होता. मंडळीच्या पंचांनी उत्तम शुक्रवारच्या आधी दोघांना समोरासमोर बसवले, प्रार्थना केली आणि हात मिळवायला लावले. पुढच्या प्रभुभोजनाला दोघे एकाच रांगेत गुडघे टेकून होते. सर्वांना समाधान वाटले. वर्षभर एक शब्दही वावगा झाला नाही; खरे म्हणजे, वर्षभर एक शब्दच झाला नाही. पुढे धाकट्याच्या मुलीचे लग्न ठरले. पत्रिकेत थोरल्या भावाचे नाव नव्हते. त्या एका दिवसात सारे उलटले, आणि मग जे बोलणे बाहेर आले त्यात कुंपणाचा विषय फार थोडा होता. आईच्या शेवटच्या आजारात दवाखान्याचे पैसे कोणी भरले, रात्री उशाशी कोण बसले, तिच्या बांगड्या कोणत्या घरी गेल्या, वीस वर्षांपूर्वी कोणाचे शिक्षण थांबवून कोणाला शिकवले, हे सारे होते. पंचांनी हातभर जागेची मोजणी केली होती. आईच्या आजाराविषयी कोणीही विचारले नव्हते.

टेबरच्या प्रयोगाची मला येथे आठवण होते. भांडणाचे वरचे कारण लहान असते. ते आपल्या अंगच्या बळाने एवढे फुगत नाही. ते खालून ओढून घेते. जुना, न बोललेला, न रडलेला ओलावा हळूहळू वर येतो आणि तेथे गोठत राहतो. इब्री लोकांस पत्रात (१२:१५) कडूपणाच्या मुळाविषयी जो इशारा आहे तोही जमिनीखालच्या गोष्टीविषयीच आहे. शांत दिसणाऱ्या मंडळीत खरोखर शांती आहे की केवळ कडाक्याची थंडी आहे, हे पाळकाने आणि पंचांनी ओळखले पाहिजे. दोन्हींत आवाज होत नाही.

मग हिवाळ्यात खांब रोवूच नये काय? ज्यांना थांबता येते त्यांनी थांबावे, असे तिकडचे अनुभवी लोक सांगतील. पण ज्यांना थांबता येत नाही त्यांच्यासाठीही रीत आहे. आधी त्या जागेवरचा बर्फ बाजूला करतात आणि निखारे ठेवतात. उघड्या निखाऱ्यांची ऊब सारी आकाशात जाते, म्हणून त्यांवर पत्रा किंवा उभे कापलेले अर्धे पिंप पालथे घालतात. मग काही तास थांबावे लागते. जेवढी माती सैल झाली तेवढी काढायची, पुन्हा निखारे ठेवायचे, पुन्हा थांबायचे. काम कंटाळवाणे आहे. पण एक वेळ अशी येते की पहारीचा आवाज बदलतो. बाहेर श्वास गोठेल अशी थंडी असताना, खाली माती मऊ आणि ओलसर लागते. थंडी तेथवर पोहोचलेलीच नसते.

बंधूंनो, या गोष्टीने मला फार धीर दिला आहे. ज्या माणसाविषयी आपण म्हणतो की हा आता दगड झाला, त्याच्याही तळाशी एक जागा अशी असू शकते जी गोठलेली नाही. तेथवर जायला वेळ लागतो, एवढेच.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने काय केले ते लूकच्या २४व्या अध्यायात पाहा. ते दोन शिष्य दुःखाने थिजलेले होते. पुनरुत्थित प्रभू त्यांना पहिल्याच वाक्यात शास्त्र सांगत नाही. तो त्यांच्याबरोबर चालू लागतो. तुमचे कशाविषयी बोलणे चालले आहे, असे विचारतो. ते सांगू लागतात, तेव्हा सारे ठाऊक असूनही तो आणखी विचारतो आणि त्यांना सगळे बोलू देतो. शास्त्राचा उलगडा त्यानंतर आहे. मागाहून त्या दोघांना आठवले ते हे की वाटेत आपली अंतःकरणे पेटल्यासारखी झाली होती. आपण दुःखिताच्या घरी जातो तेव्हा आपला क्रम उलटा असतो. दारातच आपण वचन सांगतो, आणि त्याचे ऐकायचे राहून जाते.

खड्डा झाल्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. निघालेली गोठलेली ढेकळे परत त्याच खड्ड्यात भरायची नाहीत. ती दिसायला मातीच असतात, पण त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात, आणि वितळल्यावर खांब डगमगू लागतो. त्याऐवजी आडोशाला कोरडी राखलेली खडी भरतात. खडीत पाणी साचत नाही, खाली निचरून जाते, आणि जेथे पाणी साचत नाही तेथे थंडी कितीही पडली तरी जमीन उचलली जात नाही. शोक करणाऱ्यापुढे आपण जी ठरावीक वाक्ये ठेवतो, देवाची इच्छा, तो चांगल्या ठिकाणी गेला, आता तू धीर धर, ती बहुधा अशी गोठलेली ढेकळे असतात. त्यांत खोटे काही नाही, पण ती या घरासाठी घडलेली नसतात. ज्या विधवेला रडून मोकळे होता येते तिचा विश्वास डळमळीत आहे असे समजू नये. ओलावा निचरून जात आहे. प्रभू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला.

सिमेंटविषयीही तिकडचे कारागीर एक गोष्ट सांगतात. ओले काँक्रीट बळ धरण्याआधी गोठले तर ते वरून कठीण दिसते, पण गेलेली ताकद पुढे कधीच भरून येत नाही. शिवाय खड्डा खाली रुंद आणि वर अरुंद असावा. काँक्रीट वरच्या बाजूला छत्रीसारखे पसरले तर गोठणाऱ्या मातीला खालून उचलायला आयतीच कड मिळते. वर रुंद आणि खाली निमुळते असे काम आपल्या मंडळ्यांत कोठे कोठे आहे, याविषयी मी येथे लिहीत नाही. वार्षिक अहवाल सर्वांकडे आहेत. विल्यम केरी, ज्यांनी पुढे १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्यांनी १७९२ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे यशया ५४ मधील तंबूच्या उताऱ्यावर उपदेश केला. मिशनकार्याच्या इतिहासात तो उपदेश अजून आठवला जातो. त्या उताऱ्यात दोऱ्या लांब करण्याची आज्ञा आहे आणि मेखा मजबूत करण्याचीही आहे. दोऱ्यांची आठवण आपण वर्धापनदिनी आवर्जून करतो.

आता स्तोत्र १४७ कडे येऊ. यरुशलेमेत बर्फ नेहमी पडत नाही, एखाद्या हिवाळ्यात पडतो. तरी स्तोत्रकर्त्याने तो नीट पाहिला आहे. तो बर्फाला लोकरीची उपमा देतो. आपण ती पांढऱ्या रंगामुळे दिली असे समजतो. पण बर्फाखालची जमीन खरोखरच कमी खोल गोठते, कारण भुसभुशीत बर्फ पांघरुणाचे काम करतो. जेथून बर्फ झाडून काढला किंवा रहदारीने तुडवून दाबला, तेथे थंडी अधिक खोल उतरते. काही माणसांचे दुःखातले मौन असे पांघरूण असते. ते प्रत्येकाने येऊन तुडवायचे नसते. याच स्तोत्रात पुढे प्रश्न आहे की देवाच्या थंडीपुढे कोण टिकेल, आणि लगेच असे आहे की तोच आपला शब्द पाठवतो आणि ते सारे वितळते. थंडी त्याची आहे आणि वितळवणेही त्याचेच आहे. आपल्या हाती निखारे ठेवणे आणि थांबणे एवढेच आहे.

थांबण्याविषयी एक जुनी रीत सांगतो. यंत्रे नव्हती त्या काळी न्यू इंग्लंडच्या अनेक गावांत हिवाळ्यात कबर खणता येत नसे. मेलेल्याची पेटी दफनभूमीतील एका दगडी कोठडीत ठेवत आणि जमीन सैल झाली की वसंतात माती देत. घरच्यांनी ते तीन-चार महिने कसे काढले असतील! आणि तरी त्या रीतीत एक शहाणपण होते. जमीन तयार नसताना तिच्यावर जबरदस्ती करत नसत. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी शोकसभा होते आणि चाळिसाव्या दिवशी आपण त्या माणसाकडून हसण्याची अपेक्षा करतो.

यापेक्षाही सोपा मार्ग आहे, पण तो आधी घ्यावा लागतो. हिवाळ्यात अमुक ठिकाणी खांब लागणार हे ज्याला ठाऊक आहे, तो शेतकरी पाने गळण्याच्या दिवसांतच त्या जागेवर पेंढ्याचा जाड ढीग रचून ठेवतो आणि वर ताडपत्री घालतो. पुढे सगळे रान गोठते, पण पेंढा उचलला की त्याखाली फावडे चालते.

पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी अशीच एक घाई आहे. हिवाळ्याच्या आधी ये, असे तो कळवतो, आणि येताना त्रोवस येथे कर्पाकडे ठेवलेला झगाही मागवतो. थंडीत समुद्रावरची वाहतूक बंद पडत असे. उशीर झाला तर वसंतापर्यंत भेट नव्हती, आणि वसंतापर्यंत आपण असू याची त्या वृद्ध प्रेषिताला खात्री नव्हती.

शिक्षकहो, आपल्या वर्गातील कोणाच्या घरी यंदा आजार आहे, कोणाच्या वडिलांची नोकरी गेली आहे, कोणत्या घरी दोन भावांनी एकमेकांच्या दारी जाणे नुकतेच सोडले आहे, हे मुलांच्या बोलण्यातून आपल्याला पंचांच्या आधी कळते. त्या घरी या आठवड्यातच जाऊन यावे. पाठाचे पुस्तक बरोबर नसले तरी चालेल.